विहिरीचं पाणी तपासता, तशी घरातली हवाही तपासा

प्रति,
रत्नागिरी जिल्ह्यातील ग्रामपंचायतींचे सरपंच व सदस्य, नगर परिषदांचे मुख्याधिकारी आणि जिल्हा परिषदेच्या आरोग्य विभागातील अधिकारी यांस

विषय : जुन्या घरांच्या आतल्या हवेची तपासणी गावपातळीवर सुरू करण्याबाबत

सप्रेम नमस्कार.

आमच्या वाडीतल्या विहिरीवर पावसाळ्याआधी आणि पावसाळ्यानंतर एक ताई येतात. बाटलीत पाणी घेतात, बाटलीवर तारीख लिहितात, किटमधलं औषध टाकून रंग बघतात. जलसुरक्षक टीसीएल पावडर, म्हणजे जंतू मारणारी क्लोरीनची पूड टाकतो, आणि पाण्यात क्लोरीन उरलं आहे का ते बघायला ओटी टेस्ट करतो. त्यावरून ग्रामपंचायतीला हिरवं, पिवळं किंवा लाल कार्ड मिळतं, आणि लाल कार्ड आलं की गावाला त्याची लाज वाटते. ही पद्धत मी कित्येक वर्षं बघते आहे आणि मला तिचा मनापासून आदर आहे. माणूस दिवसाला दोन-तीन लिटर पाणी पितो. हवा तो दिवसाला दहा हजार लिटरच्या आसपास आत घेतो. म्हातारी माणसं, तान्ही मुलं आणि स्वयंपाक करणाऱ्या बायका ती बहुतेक सगळी घरातच घेतात. त्या हवेसाठी आपल्याकडे ना बाटली आहे, ना तारीख, ना कार्ड. हे पत्र त्यासाठी आहे.

मी चिपळूण शहराला लागून असलेल्या एका ग्रामपंचायतीच्या हद्दीत राहते. तीस वर्षं माध्यमिक शाळेत विज्ञान शिकवलं. राहतं घर माझ्या आजेसासऱ्यांनी बांधलेलं. जांभ्याचे चिरे, चुन्यातलं बांधकाम, वर आधी नळे आणि नंतर मंगलोरी कौलं. पुढे पडवी, मधे माजघर, मागे स्वयंपाकघर आणि त्याला लागून न्हाणी. या घरात धूर असायचा हे खरं आहे. पण तो कौलांच्या फटींतून सतत वर निघून जायचा, आणि चुलीच्या उबेमुळे भर पावसाळ्यातही वासे आणि भिंती कोरड्या राहायच्या. पापड सादळू नयेत म्हणून डबा चुलीवरच्या फळीवर ठेवलेला असायचा, तो त्या उबेसाठीच.

२०१२ साली आम्ही घर सुधारलं. भिंतींना सिमेंटचा गिलावा, त्यावर ऑइलपेंट. कौलांखाली पीव्हीसीचं सीलिंग. गजांच्या लाकडी खिडक्या काढून तिथे अ‍ॅल्युमिनियमच्या सरकत्या खिडक्या. मागची पडवी सिमेंटच्या पत्र्याने बंद केली आणि बंब व चूल तिथे नेली. गॅस होताच. तरी अंघोळीचं पाणी आणि सणावाराचं मोठं पातेलं लाकडावरच चढायचं, कारण नारळाची सोडणं आणि चुडतं घरचीच, ती टाकायची कुठे? प्रत्येक बदलाला आमच्याकडे कारण होतं. माकडं कौलं फोडतात, झड आत येते, उंदीर आढ्यावरून उतरतात, संध्याकाळी डास येतात. गणपतीला मुंबईहून आलेल्या सगळ्यांनी घराचं कौतुक केलं आणि मलाही ते छानच वाटत होतं. हवा बाहेर जायच्या सगळ्या वाटा आपण एकामागून एक बंद केल्या आहेत, हे आमच्यापैकी कुणाच्याच लक्षात आलं नाही. मी विज्ञान शिकवत होते, तरी माझ्याही नाही.

मग २२ जुलै २०२१ उजाडला. वाशिष्ठीचं पाणी त्या दिवशी कुठवर चढलं ते चिपळूणच्या माणसाला सांगायला नको. आमच्या माजघरात ते खिडकीच्या वरपर्यंत होतं. ओसरल्यावर चिखल काढला, भिंती धुतल्या, गाद्या फेकल्या. त्या वर्षी गणेश चतुर्थी १० सप्टेंबरला होती, म्हणजे पुरानंतर बरोबर पन्नास दिवसांनी. गणपती घरात यायचे तर भिंती अशा कशा ठेवायच्या, म्हणून आमच्या आळीत जवळजवळ प्रत्येकाने रंग काढला. आम्हीही काढला.

जांभा सच्छिद्र असतो. पाणी पोटभर पितो आणि महिनोन्‌महिने हळूहळू सोडतो. चुन्याच्या गिलाव्यातून ती ओल बाहेर पडू शकते. सिमेंट आणि ऑइलपेंट लावलेल्या भिंतीत ती कोंडली जाते, आणि मग रंगाचे पापुद्रे सुटतात, लोणा फुटतो, कपाट सरकवलं की मागे काळी-हिरवी बुरशी दिसते. पुराच्या पंचनाम्यात भांडी, धान्य, फ्रिज, गाड्या यांची नोंद झाली. भिंतीत किती पाणी उरलं आहे आणि या खोलीत माणसाने झोपावं का, हे मात्र कुणी विचारलं नाही. त्या दिवसांत गावोगाव फिरून पंचनामे करणारे कर्मचारी स्वतःही पुरातून आलेले होते, त्यामुळे यात मी कुणाला दोष देत नाही. तो प्रश्न फॉर्ममध्येच नव्हता, आणि मला तो फॉर्ममध्ये हवा आहे.

माझ्या सासूबाई आज ब्याऐंशी वर्षांच्या आहेत. त्यांचा खोकला जुना होता, पण पुरानंतरच्या हिवाळ्यात त्यांना ओटीवरून न्हाणीपर्यंत चालताना धाप लागायला लागली. छातीच्या डॉक्टरांनी नळीत फुंकायला लावून तपासणी केली आणि पहिला प्रश्न विचारला, "आजी, विडी किती वर्षं ओढलीत?" सासूबाईंनी आयुष्यात विडी हातात धरलेली नाही. डॉक्टरांनी मग माझ्याकडे वळून चूल कुठे आहे, घरात ओल आहे का, कॉइल लावता का, खिडक्या कशा आहेत असं एकेक विचारलं. मी उत्तरं देत गेले आणि माझा आवाज खाली येत गेला. निदान होतं सीओपीडी, म्हणजे सिगारेट ओढणाऱ्यांना होतो तो फुप्फुसांचा आजार. घरातल्या धुरामुळे होणाऱ्या आजारांनी २०२० मध्ये जगात सुमारे ३२ लाख माणसं गेली, असा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे. ही संख्या मी वर्गात सांगू शकले असते. ती माझ्या मागच्या पडवीत कशी येऊन बसते, ते मला त्या दिवशी दवाखान्यात कळलं.

त्यानंतर मी सूक्ष्म कण आणि कार्बन डायऑक्साइड दाखवणारा मीटर घेतला, एक आर्द्रतामापक घेतला आणि वही घातली. गेली काही वर्षं त्या वहीत लिहिते आहे.

जानेवारीतल्या एका सकाळी बंब पेटवला आणि माजघराचं दार नेहमीसारखं उघडं ठेवलं. वीस मिनिटांत माजघरात पीएम २.५, म्हणजे फुप्फुसात खोलवर जाणाऱ्या सूक्ष्म कणांचं प्रमाण, घनमीटरमागे ३८० मायक्रोग्रॅमवर गेलं आणि पूर्ववत व्हायला दोन तास लागले. दुसऱ्या दिवशी तेच दार लावून घेतलं आणि पडवीचं बाहेरचं झडप उघडलं, तर आकडा सत्तरच्या वर गेला नाही. या फरकाला एक पैसा लागला नाही. रात्री खिडक्या बंद करून कॉइल लावली तेव्हा आकडा सहाशे ओलांडून गेला. २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात एका कॉइलमधून निघणारे सूक्ष्म कण ७५ ते १३७ सिगारेटींइतके आढळले होते. ते वाचूनही मला पटलं नव्हतं, उशाशी आकडा बघितल्यावर पटलं. आता आम्ही मच्छरदाणी लावतो. कार्बन डायऑक्साइडचंही तसंच. बाहेरच्या हवेत तो दशलक्षात ४२० भागांच्या आसपास असतो. आमच्या बंद खोलीत तीन माणसं झोपली की पहाटे पाचपर्यंत २३०० व्हायचा. इतक्या पातळीला तो विषारी नाही. पण एकाने सोडलेला श्वास दुसरा पुन्हा पुन्हा आत घेतो आहे, एवढं त्यातून स्पष्ट दिसतं. ज्या घरात क्षयाचा रुग्ण आहे, तिथे याचा अर्थ काय होतो, हे आरोग्य विभागाला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे.

हे आकडे कशाशी ताडायचे? जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये पीएम २.५ साठी २४ तासांची सरासरी १५ मायक्रोग्रॅमच्या आत असावी असं सांगितलं आहे. आपल्या देशाचं २००९ चं मानक ६० आहे. वीस मिनिटांचा उच्चांक २४ तासांच्या सरासरीशी सरळ ताडता येत नाही, म्हणून मी दिवसभराच्या नोंदी घेऊन सरासरी काढते. आणि ६० चं मानक बाहेरच्या हवेसाठी आहे. घरातल्या हवेसाठी कायद्याने बंधनकारक असं मानकच आपल्याकडे नाही. २०१९ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रमाच्या प्रदूषित शहरांच्या यादीत रत्नागिरी किंवा सिंधुदुर्गातलं एकही शहर नाही, आणि त्याबद्दल माझी तक्रारही नाही. आमची बाहेरची हवा शहरांच्या मानाने खरोखर चांगली आहे. सुट्टीला येणारी माणसं तेवढ्यासाठीच येतात. त्यामुळेच कोकणात हवेचा प्रश्न असू शकतो हे कुणाच्या डोक्यात येत नाही, आणि दाराच्या आतली हवा तशीच राहते.

इथे एक तांत्रिक गोष्ट जरा सविस्तर सांगते, कारण ती चुकली तर सगळी मोजणी वाया जाईल. बाजारातले स्वस्त मीटर हवेतल्या कणांवर लेझरचा प्रकाश टाकतात आणि तो किती विखुरला यावरून आकडा काढतात. हवेतली आर्द्रता ८०-८५ टक्क्यांच्या वर गेली की कण पाणी धरून फुगतात. समुद्रावरून आलेले मिठाचे कण तर जास्तच फुगतात. मीटरला तो फुगवटा प्रदूषणासारखा दिसतो. जुलैत एका पहाटे माझ्या मीटरने १४० दाखवलं. घरात चूल नव्हती, कॉइल नव्हती, उदबत्तीही नव्हती. अंगणात नेला तर तिथेही १३५. मी घाबरले होते, पण ते धुकं होतं. जिथे वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, तिथे दिल्ली-पुण्याच्या पद्धतीने नुसता आकडा लिहून चालणार नाही. प्रत्येक नोंदीशेजारी आर्द्रता लिहायची, त्याच वेळी अंगणातला आकडा लिहायचा, आणि आतला व बाहेरचा फरक बघायचा. माझ्या वहीत ८५ टक्क्यांवरच्या नोंदींना पेन्सिलने गोल केलेला असतो.

ओल आणि बुरशीच्या बाबतीत मीटरची घाईच करू नये. बुरशीच्या बीजाणूंची इतकी संख्या सुरक्षित आणि इतकी धोकादायक, अशी मर्यादा जागतिक आरोग्य संघटनेने २००९ च्या मार्गदर्शक सूचनांत मुद्दाम घातलेली नाही. ओल दिसते, कुबट वास येतो, म्हणजे दुरुस्ती हवी, एवढं पुरतं. प्रयोगशाळेत नमुने पाठवण्यावर ग्रामपंचायतीने पैसे घालू नयेत असं माझं स्पष्ट मत आहे. पाणी कुठून येतं ते शोधणं महत्त्वाचं, आणि त्यासाठी एक सोपी युक्ती मी मुलांकडून करून घ्यायचे. हातभर प्लॅस्टिकचा कागद भिंतीला चारही बाजूंनी चिकटपट्टीने घट्ट लावायचा आणि एक दिवस ठेवायचा. कागदाच्या आतल्या बाजूला थेंब जमले तर ओल भिंतीतून येते आहे, म्हणजे पागोळ्यांचं पाणी पायात मुरतं आहे का, कौल फुटलं आहे का ते बघायचं. थेंब बाहेरच्या बाजूला जमले तर हवेतली वाफ गार भिंतीवर बसते आहे, म्हणजे हवा खेळत नाही. दोन सुयांचे ओल मोजायचे मीटरही मिळतात. पण लोणा आलेल्या जांभ्यात क्षारांमुळे ते जास्त आकडा दाखवतात, म्हणून एकाच भिंतीच्या वरच्या कोरड्या भागाशी खालचा भाग ताडून बघावा लागतो.

आता जी गोष्ट सांगते ती लिहिताना अजूनही हात थांबतो. गेल्या थंडीत आमच्या शेजारचा अकरावीतला मुलगा अंघोळीला गेला आणि बराच वेळ बाहेर आला नाही. दार फोडलं तेव्हा तो खाली पडलेला होता. न्हाणीत गॅसचा गीझर होता आणि थंडी लागते म्हणून वरची झरोक्याची काच पुठ्ठ्याने बंद केलेली होती. आधी सगळ्यांना वाटलं फिट आली. उघड्यावर आणल्यावर, ऑक्सिजन मिळाल्यावर तो शुद्धीवर आला आणि आज बरा आहे. तो कार्बन मोनॉक्साइड होता. या वायूला रंग नाही, वास नाही, आणि रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा दोनशेपटीहून अधिक घट्ट धरून बसतो. माझा मीटर त्या वेळी शेजारच्या भिंतीपलीकडे चालू होता आणि त्यावर काहीच दिसलं नसतं, कारण कण मोजणारा मीटर हा वायू मोजतच नाही. त्यासाठी वेगळा अलार्म लागतो. जुन्या घरांच्या लहान न्हाण्यांमध्ये गॅस गीझर झपाट्याने बसवले जात आहेत. ग्रामपंचायतीने बाकी काही केलं नाही आणि फक्त हे गीझर न्हाणीतून काढून भिंतीच्या बाहेरच्या बाजूला हलवून घेतले, तरी मी या पत्राचं सार्थक झालं समजेन.

काही गोष्टी मीटरने कळतच नाहीत, तिथे नियम हवेत. ३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळाने दापोली, मंडणगड, श्रीवर्धन पट्ट्यात हजारो घरांची छपरं उडवली. कौलं मिळेनात, म्हणून अनेकांनी मिळेल तो पत्रा घातला. सिमेंटच्या पत्र्यात अ‍ॅस्बेस्टॉस असू शकतं आणि आपल्याकडे असा पत्रा आजही कायदेशीरपणे विकला जातो. त्याचे तंतू श्वासातून गेले तर कॅन्सर होतो, हे आता वादाचं राहिलेलं नाही. पत्रा अखंड असेल तर घाबरून लगेच काढायची गरज नाही. धोका तो कापताना, भोकं पाडताना, घासून धुताना आणि फुटलेले तुकडे परसात ठेचून भर घालताना आहे. तंतू आहेत की नाहीत हे सूक्ष्मदर्शकाखालीच कळतं. ते कळेपर्यंत आहेत असं धरून पत्रा ओला करूनच हाताळावा आणि तुकडे वेगळे उचलावेत, एवढं वाडीवाडीत सांगायला हवं. जुन्या दार-खिडक्यांच्या रंगाचंही तेच. घरगुती रंगांत शिशाचं प्रमाण दशलक्षात ९० भागांच्या आत ठेवण्याचा नियम १ नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाला. त्याआधीचा ऑइलपेंट गणपतीच्या तोंडावर कोरडा घासून काढतात तेव्हा ती पूड घरभर होते आणि रांगणारं मूल ती हाताने तोंडात घालतं. ओला करून घासावा आणि मुलांना तेवढे दोन दिवस दुसऱ्या घरी ठेवावं.

काही देशांत घरांच्या तपासणीत रेडॉनला, म्हणजे जमिनीतून घरात झिरपणाऱ्या किरणोत्सारी वायूला, वरचं स्थान असतं. मी त्याला इथे पहिलं देणार नाही. आमच्या पायाखालच्या काळ्या कातळात, म्हणजे बेसॉल्टमध्ये, युरेनियम कमी असतं, आणि रेडॉन त्यातूनच निघतो. सिंधुदुर्गाच्या दक्षिण भागात खडक वेगळा आणि जुना आहे. तिथल्या जिल्हा परिषदेने काही निवडक घरांत वर्षभर त्याचे फिल्मचे डिटेक्टर ठेवून बघावेत. जागतिक आरोग्य संघटनेची संदर्भ पातळी घनमीटरमागे १०० बेकरेल (किरणोत्सर्ग मोजायचं एकक) आहे. आमच्याकडे मात्र आधी धूर, गीझर आणि ओल.

माझी मागणी फार मोठी नाही. प्रत्येक उपकेंद्रात किंवा ग्रामपंचायतीत एक पेटी असावी. तिच्यात कणांचा मीटर, कार्बन डायऑक्साइडचा मीटर, कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म, आर्द्रतामापक आणि ओल मोजायचं यंत्र असावं. माझ्या अंदाजाने हे सगळं वीस-पंचवीस हजार रुपयांत बसतं. पेटी वापरायला नवीन माणसं नेमू नका. जलजीवन मिशनमध्ये गावागावांत पाच-पाच महिलांना पाणी तपासायचं प्रशिक्षण दिलं आहे. त्यांना किट हाताळता येतं, तारीख-वेळ लिहिता येते, आणि मुख्य म्हणजे त्या कुणाच्याही स्वयंपाकघरापर्यंत जाऊ शकतात. पुरुष कर्मचारी ओटीवर बसून चहा घेऊन परत येईल. चूल कुठे आहे ते त्याला दिसणार नाही. या महिलांना त्यांच्या वेळेचं मानधन द्या, ते फुकटात मागू नका.

तपासणी वर्षातून तीनदा व्हावी. आगोटीची धावपळ सुरू व्हायच्या आधी मे महिन्यात, मग श्रावणात ओल पुरती मुरल्यावर, आणि मग डिसेंबर-जानेवारीत, जेव्हा बंब पेटतात आणि खिडक्या बंद होतात. सुरुवात सगळ्या गावापासून नको. दमा किंवा सीओपीडीचा रुग्ण, क्षयाचा रुग्ण, बाळंतीण, वर्षाच्या आतलं मूल, आणि पुरात बुडालेलं घर, एवढ्यांपासून करावी. ही नावं आशाताईंच्या वहीत आधीच आहेत.

आणि एक खबरदारी. मी शेजारच्या दोन वाड्यांत मीटर घेऊन गेले तेव्हा बायकांनी मला दारातच विचारलं, चूल दिसली तर उज्ज्वलाचं सिलिंडर बंद होईल का? घरकुलाच्या यादीतून नाव जाईल का? एकीने तर मी आत जायच्या आधी चुलीवर पाणी ओतून टाकलं होतं. म्हणून आकडे कुटुंबाच्या हातात द्यावेत, फलकावर लावू नयेत, आणि त्यांच्यावरून कुणाचा कुठलाही लाभ थांबणार नाही असा ठराव आधी करावा. विहिरीचं कार्ड सगळ्या गावाचं असतं, म्हणून ते जाहीर असलेलं बरं. स्वयंपाकघर एकेका बाईचं असतं.

आकडा देऊन निघून जाणं तर त्याहून वाईट. आकड्याबरोबर काय दुरुस्त करायचं ते सांगायला हवं, आणि त्यातलं बरंचसं आमच्या गवंडी-सुतारांना येतं. आम्ही आमच्या घरात जे केलं ते सांगते. बंब आणि चूल पडवीतून काढून परसात उघड्या मांडवाखाली नेली आणि वर धुराडं बसवलं. सीलिंगच्या दोन्ही टोकांना वीतभर जागा कापून डासांची जाळी लावली. भिंतीचा खालचा तीन फूट गिलावा सोलून चुन्याचा केला आणि रंगाऐवजी चुन्याची सफेदी दिली. कपाटं भिंतीपासून चार बोटं पुढे घेतली. पागोळ्यांना पन्हळ लावून पाणी पायापासून दूर काढलं. आणि सरकत्या खिडक्या बदलून पुन्हा बिजागरीच्या बसवल्या. या शेवटच्या कामाचं कारण आपल्या बांधकाम विभागांनी नीट ऐकावं. राष्ट्रीय बांधकाम संहितेप्रमाणे उष्ण-दमट प्रदेशात खिडक्यांचं क्षेत्रफळ खोलीच्या जमिनीच्या एक षष्ठांश हवं. दहा बाय बाराच्या खोलीला वीस चौरस फूट. दोन झडपांची सरकती खिडकी वीस फुटांची बसवली तरी उघडते दहाच. कागदावर खिडकी पूर्ण असते आणि खोलीत हवा निम्मी येते. घरकुल योजनेत हप्ता सोडण्याआधी पाया, भिंती, छप्पर यांचे फोटो काढले जातात. त्यात उघडलेल्या खिडकीचा आणि स्वयंपाकाच्या जागेतून धूर जायच्या वाटेचा फोटो घालायला किती खर्च येणार आहे? पंचवीस चौरस मीटरच्या घरात चुलीपासून झोपायची जागा दहा पावलांवर असते.

शाळेतल्या मुलांनाही यात घ्यावं अशी माझी इच्छा आहे. नववीच्या मुलांनी स्वतःच्या आजीच्या खोलीतली आर्द्रता महिनाभर लिहिली, तर त्यांना आलेख म्हणजे काय ते एकदाच कायमचं कळेल. प्रयोगवहीत त्यासाठी दोन पानं सहज निघतील.

सासूबाईंचा आजार बरा होणारा नाही, हे डॉक्टरांनी आम्हाला पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. फुप्फुसाचं गेलेलं परत येत नाही. पण गेल्या हिवाळ्यात त्यांना एकदाही दवाखान्यात दाखल करावं लागलं नाही, आणि सकाळी त्या स्वतः उठून परसात तुळशीपर्यंत जातात. मीटर काय दाखवतो ते त्या मला विचारतात. मी आकडा सांगते, आणि त्या म्हणतात, "आकडा राहू दे गो, आज माझा आवाज ऐक. घरघर कमी आहे का, ते सांग."

येत्या १५ ऑगस्टच्या आमच्या ग्रामसभेत मी हा विषय लेखी मांडते आहे. वही आणि मीटर घेऊन येईन. ज्या ग्रामपंचायतींना ही पेटी सुरू करायची आहे त्यांच्याकडच्या महिलांना मोजणी कशी करायची, दमट दिवसाची नोंद कशी ओळखायची, हे शिकवायला मी स्वतः येईन. मानधन नको, फक्त येण्याजाण्याची एसटी वेळेवर असेल असा दिवस ठरवा. मंगळवार सोडून, कारण त्या दिवशी सासूबाईंना तपासायला न्यायचं असतं.

आपली नम्र,
चिपळूण तालुक्यातील एक निवृत्त विज्ञान शिक्षिका